चौकशीच्या पत्त्याची कबुली

घाबरू नका, मी काही विकायला आलेलो नाही. तुम्हाला लॉटरी लागली आहे असंही सांगणार नाही. मी ई-मेलचा एक पत्ता बोलतोय. आजवर दुसऱ्यांची पत्रं नेली, दुसऱ्यांची आणली, स्वतःचं असं एक अक्षर कधी लिहिलं नाही. आज पहिल्यांदाच लिहितोय. का, तेही सांगतो, पण आधी ओळख करून देऊ द्या.

माझ्या मधोमध ते शेपूट गुंडाळून बसलेलं गोल चिन्ह आहे. त्याच्या उजवीकडे कारखान्याचं नाव आणि डावीकडे एकच शब्द, 'चौकशी'. "लोकांना काय विचारायचं ते इथे विचारतील," असं म्हणून सूनबाईंनी तो शब्द टाइप केला. नाव ठेवलं की स्वभाव तसा होतोच असं नाही, नाहीतर जगात सगळे शहाणे झाले असते. माझा मात्र झाला. मला सगळ्याची चौकशी असते. कोण लिहितंय, का लिहितंय, पलीकडचा माणूस वाचताना हसतो की कपाळाला आठ्या घालतो, आणि मुख्य म्हणजे पत्र दाराआड गेल्यावर त्याचं पुढे काय होतं.

माझा जन्म एका काचेच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत डुगडुगणारं टेबल, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, वर संगणक. मागच्या खोलीत बर्नर. तो दिवसभर घरघरत असायचा आणि त्याच्यासमोर काळा चष्मा लावून बाबा बसलेले. तुम्ही म्हणाल, तुला हे कसं दिसलं? भिंतींना कान असतात म्हणता ना, मग पत्त्याला का नसावेत?

बाबा प्रयोगशाळेची काच करतात. परीक्षानळ्या, चंबू, आणि वाफ थंड करायच्या त्या नळ्या, ज्यांच्या पोटात दुसरी नळी वेटोळं घालून बसलेली असते. केलेली वस्तू भट्टीत ठेवून हळूहळू निववतात, नाहीतर तडकते. बाबांचा मुलगा नळ्या-चंबूंची तोंडं घासून बुचं बसवतो. तो दिवसाला वीस शब्द बोलतो, त्यांतले पंधरा जेवणाबद्दल असतात. बाकी सगळं सूनबाई बघतात, म्हणजे गिऱ्हाईक, खोके, गवत भरणं, आणि घरातल्या दोन पुरुषांचे रुसवे.

बावीस वर्षं एकच औषधांची कंपनी त्यांचा जवळजवळ सगळा माल घ्यायची. तिथला खरेदी बघणारा माणूस बदलला, आणि नव्या माणसाने एका वाक्यात नातं संपवलं. त्या दिवशी बाबा म्हणाले, "तीन महिने बघू. नवी गिऱ्हाइकं मिळाली तर ठीक, नाहीतर भट्टी देऊन टाकू. काचेचे मणी करणारा तो मागतोच आहे. पोराला कुठेतरी नोकरी मिळेल. माझं काय, मी झोपा काढीन."

बाबा झोपा काढतील यावर घरात कुणाचाच विश्वास बसला नाही. म्हणूनच नवी गिऱ्हाइकं शोधायला माझा जन्म झाला.

मी दोन दिवसांचा असताना झटपट आला. हा मुलाचा मावसभाऊ. त्याला सगळं झटपट लागतं म्हणून सगळे त्याला झटपटच म्हणतात, तोंडावरसुद्धा. त्याने कुठून तरी सहा हजार पत्त्यांची यादी विकत आणली होती.

"वहिनी, उद्या संध्याकाळपर्यंत बघा. फोन उचलायला माणूस ठेवावा लागेल तुम्हाला."

"भावजी, पण या लोकांना आपण माहीत तरी आहोत का?"

"नसू दे. उद्या होऊच की!"

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी गत. त्याने विषयाच्या जागी लिहिलं, 'शेवटची संधी!!! आजच!!!' कसली संधी आणि शेवटची का, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. एकाच सकाळी त्याने सहा हजार पत्रं माझ्या खांद्यावर दिली आणि म्हणाला, "पळ."

मी पळालो. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की प्रत्येक टपालपेटीच्या दारात दारवान असतो. तो विचारतो, तू कोण? कालपर्यंत कुठे होतास? कागद दाखव. माझ्याकडे कागद नव्हते. दोन दिवसांचं पोर सहा हजार दारं एकदम ठोठावतंय म्हटल्यावर कोण आत घेईल? त्यांतली अकराशे दारं तर नुसत्या भिंतीच होत्या, कारण ते पत्ते कधीच बंद झालेले. एक पत्ता बालवाडीचा निघाला, एक शेळ्यांच्या डॉक्टरचा. जिथे पत्र आत गेलं तिथल्या माणसांनी चिडून 'स्पॅम' असं बटण दाबलं. एकेक बटण म्हणजे माझ्या नावापुढे एकेक काळा ठिपका. दुपारपर्यंत माझं तोंड पुरतं काळं झालं होतं.

संध्याकाळी रागाची उत्तरं येऊ लागली. एकाने लिहिलं, 'तुमच्या सगळ्या काचा फुटोत.' सूनबाई रडकुंडीला आल्या. झटपटने खुर्ची ओढली, माझ्या आतल्या व्यवस्थेत कसलीशी खूण केली आणि म्हणाला, "झालं! आता त्रास नाही." मग तो छत्र्यांच्या धंद्यात गेला.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी परीक्षा म्हणून पलीकडच्या खोलीत बसलेल्या नवऱ्यालाच पत्र पाठवलं. पाच मिनिटांनी तो आतून ओरडला, "आलं नाही गं!" शेवटी ते त्याच्या स्पॅमच्या कप्प्यात सापडलं, टकलावर केस उगवून देणाऱ्या जाहिरातीशेजारी. ती जाहिरात त्याने उघडून वाचलेली होती.

मग दहा-बारा दिवसांनी आल्या टपालबाई. सूनबाईंच्या मैत्रिणीच्या या नणंद. दहा वर्षं एका मोठ्या ई-मेल कंपनीत त्यांनी हे दारवानच घडवले होते. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात, तशा या बाईंना पहारेकऱ्याच्या खोडी ठाऊक होत्या. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "यादी कुठून आणलीत?"

"विकत," सूनबाई खालमानेने म्हणाल्या.

"फेका. त्यांना तुम्ही माहीत नाही, तुम्हाला ते माहीत नाहीत. अशा ओळखीचं लग्न टिकत नाही."

त्यांनी आधी माझे कागद केले. माझ्या नावाने टपाल कोण नेऊ शकतं त्याची यादी, प्रत्येक पत्रावर उठणारी मोहोर, आणि माझं नाव लावून कुणी तोतया आला तर त्याचं काय करायचं याची सूचना. मग म्हणाल्या, "आता तीन आठवडे याला झोपू द्या. एकही पत्र नाही. त्यानंतर दिवसाला पाच, तीसुद्धा ओळखीच्या माणसांना, जी खरोखर उत्तर देतील. उत्तरं देणारी यंत्रं बाजारात मिळतात, ती घेऊ नका. सोंग फार दिवस टिकत नाही."

बाबा चष्मा कपाळावर सरकवून दारात उभे राहून ऐकत होते. "म्हणजे काचेसारखंच की. थंड नळी एकदम ज्वाळेत धरली की तडकते. आधी लांबून ऊब द्यायची."

"अगदी तसंच, बाबा."

"मग आधी सांगायचं ना! एवढं तर मला कळतं."

ते ऊब घेण्याचे दिवस फार मजेत गेले. सूनबाईंनी आपल्या मावशीला लिहिलं, दातांच्या डॉक्टरीणबाईंना लिहिलं, शाळेतल्या बाईंना लिहिलं. मावशीने सहा पानी उत्तर पाठवलं. त्यात ख्यालीखुशाली दोन ओळी, बाकी सगळ्या तक्रारी. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी उलट विचारलं, "तुमची अक्कलदाढ काय म्हणते?" माणसं एकमेकांना इतकं काय काय विचारतात हे मला माहीतच नव्हतं. प्रत्येक उत्तराबरोबर माझ्यावरचा एकेक ठिपका पुसला जात होता.

मग टपालबाई म्हणाल्या, "आता अनोळखी माणसांना लिहायला हरकत नाही. पण एका वेळी एकालाच, आणि त्याच्यासाठीच लिहिलेलं. आपल्याला का लिहिलंय ते त्याला पहिल्या दोन ओळींत कळायला हवं. आणि नको असेल तर एका शब्दात नको म्हणता यायला हवं."

सूनबाईंनी पहिला मसुदा वाचून दाखवला. "आम्ही दर्जेदार काचेच्या उपकरणांचे अग्रगण्य…"

"थांब," बाबा म्हणाले. "सुरकुती पडलेली काच मी गिऱ्हाइकाला दाखवतो का? तिथल्या तिथे फोडतो. हे वाक्य फोड."

"मग लिहू काय, बाबा?"

"कुणाला लिहितेयस ते तर दाखव."

सूनबाईंनी एका प्रयोगशाळेचं पान उघडलं. पाण्याची तपासणी करणारी लहानशी जागा, चारच माणसं, प्रमुख एक बाई. ओट्यावर मांडलेल्या उपकरणांचा फोटो होता. बाबांनी खिशातून भिंग काढलं, नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकले, आणि बराच वेळ हललेच नाहीत. मला वाटलं माझ्याकडेच बघतायत.

"अगं, हिला आधी सांग! डावीकडून दुसरी नळी बघ, वाकाशी पांढरी रेघ आहे. तडा आहे तो. तापवली तर हातात फुटेल."

"आणि आपल्या मालाचं?"

"मालाचं काय घेऊन बसलीस! आधी तिचा हात तर वाचू दे."

ते पत्र मी शब्द न् शब्द पाठ केलं आहे. 'नमस्कार. मी काच फुंकणारा आहे. तुमच्या फोटोत डावीकडून दुसऱ्या नळीच्या वाकाजवळ पांढरी रेघ दिसते. कृपया ती तापवू नका, काढून ठेवा. बाकीची जुळणी चांगली आहे, ज्याने केली त्याला माझा नमस्कार सांगा. अशी नळी आम्ही करतो, पण तुम्ही कुठूनही घ्या. पुन्हा लिहू नये असं वाटलं तर तसं कळवा.'

पुढच्या चार आठवड्यांत अशी त्रेचाळीस पत्रं गेली. प्रत्येक पत्राआधी बाबा भिंग लावून फोटो बघायचे. कुणाचं बूच तिरकं बसलेलं, कुणाचा चंबू चुकीच्या जागी पकडलेला. एका ठिकाणची जुळणी इतकी सुंदर होती की बाबांनी नुसतं तेवढंच लिहायला लावलं. अनोळखी माणसाला लिहिताना त्याच्याकडे आधी नीट बघायचं असतं, हे मी तेव्हा शिकलो.

पण उत्तर एकही आलं नाही.

टपालबाई आपल्या वेगवेगळ्या पेट्यांवर मला पाठवून बघायच्या आणि म्हणायच्या, "पोचतायत की! वरच्याच कप्प्यात पडतायत." मग लोक गप्प का? बाबा दिवसातून दोनदा पुढच्या खोलीत येऊन विचारायचे. बाराव्या आठवड्यात त्यांनी विचारणं सोडलं. बर्नर लवकर बंद व्हायला लागला. मुलाने नोकरीच्या दोन अर्जांवर सही केली आणि त्या दिवशी तो जेवणाबद्दलही बोलला नाही.

आता मला ती कबुली द्यायची आहे.

उत्तरं येत होती. माझ्याच दारात येत होती, आणि मीच त्यांना अडवत होतो. झटपटने त्या संध्याकाळी जी खूण करून ठेवली होती ती अशी: सूनबाईंच्या पत्त्यांच्या वहीत ज्याचं नाव नाही त्याचं काहीही आलं तर वर दाखवायचं नाही, थेट खालच्या स्पॅमच्या कप्प्यात टाकायचं, आणि तीस दिवसांनी आपोआप नष्ट करायचं. मावशीचं नाव वहीत होतं, तिचं पत्र वर आलं. पाण्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंचं नाव नव्हतं.

त्या बाईंनी दोनच दिवसांत उत्तर पाठवलं होतं. मी ते वाचलं, सगळं वाचतो मी. वाचलं आणि खाली टाकलं. हुकमाचा ताबेदार मी, मला ना तोंड ना बोट. पण खरं सांगायचं तर सुरुवातीला मला त्या हुकमाचा अभिमान वाटायचा. दारोदार हाकलून दिलेल्या माझ्यासारख्याला स्वतःचं दार मिळालं होतं, आणि मी ते जोरात लावून घेत होतो. फार लाज वाटते आता.

तीन महिने भरले त्या दिवशी सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. मणीवाला दोन हमाल घेऊन आला होता. तो दोरीने भट्टीची रुंदी मोजत होता आणि दरवाजातून ती आडवी जाईल की उभी यावर वाद चालला होता. बाबा स्टुलावर पाठ करून बसले होते. टपालबाई निरोप घ्यायला म्हणून आल्या होत्या.

"त्रेचाळीस पत्रं," सूनबाई म्हणाल्या. "एकाचंही उत्तर नाही."

"एकही नाही? निदान 'नको' तरी?"

"नाही हो."

"शिवीसुद्धा नाही?"

"शिवीसुद्धा नाही."

टपालबाईंनी पर्स खाली ठेवली. "असं होतच नाही. त्रेचाळीस माणसांत एक तरी कुरकुऱ्या असतोच. तुमचा स्वतःचा स्पॅमचा कप्पा कधी उघडलात?"

"तो कशाला उघडायचा?" सूनबाई म्हणाल्या. "त्यात घाणच असते ना?"

टपालबाईंनी आपल्याच कपाळावर हात मारला. तीन महिने जगाच्या स्पॅमच्या कप्प्यांची काळजी वाहिली आणि घरचा तेवढा बघायचा राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सूनबाईंनी कप्पा उघडला.

बक्षिसांच्या आणि गोळ्यांच्या जाहिरातींमध्ये नऊ उत्तरं पडलेली होती. दोघांनी 'नको' म्हटलं होतं, तेही आभार मानून. चौघांनी दर विचारले होते. एकाने नुसतं लिहिलं होतं, 'जुळणी मीच केली. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी बघितली.' आणि उरलेली दोन त्या पाणीवाल्या बाईंची. पहिल्याला सव्वीस दिवस झाले होते. आणखी चार दिवसांनी ते कायमचं गेलं असतं.

सूनबाईंनी मोठ्याने वाचलं. 'तुम्ही म्हणालात तशी रेघ आहे. आम्हाला कुणालाच दिसली नव्हती. उद्याच तापवणार होतो…'

बाबा स्टुलावरून उठले. "हात बरा आहे ना तिचा?"

"हो बाबा, काढून ठेवली म्हणतायत. 'कपाटात आणखी सतरा वस्तू आहेत, त्या बघायला येऊ शकाल का? आणि ही नळी नवी करून हवी आहे.'"

दुसरं पत्र दोन आठवड्यांनंतरचं होतं. 'उत्तर आलं नाही. कामात असाल. तरीही आभार.'

सूनबाईंनी तिथल्या तिथे फोन लावला आणि एका दमात सगळी कथा सांगितली. पलीकडून त्या बाई हसल्या. "अहो, मला वाटलं मोठी माणसं, आम्हाला कुठे उत्तर देतायत!"

बाबांनी फोन हिसकावूनच घेतला. "बाई, आमच्याकडे मोठा फक्त बर्नरचा आवाज आहे. कधी येऊ बोला."

मणीवाल्याने दोरी गुंडाळली. "म्हणजे आता मी काय करू?"

"चहा घेऊन जा," बाबा म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी बर्नर पेटवला.

याला आता पाच महिने झाले. झटपटची खूण काढून टाकली आहे. सूनबाई सकाळी केर काढायच्या आधी खालचा कप्पा चाळतात. दिवसाला सात पत्रं जातात, त्याहून जास्त नाही, कारण एवढेच फोटो बाबांच्याने नीट बघून होतात. माझ्या नावावर आता ठिपका नाही. गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसलोच नसतो.

पण त्या कप्प्यातून एक पत्र कायमचं गेलंय. ते फक्त मला माहीत आहे.

ते सहा हजार पत्रांच्या दिवशीच संध्याकाळी आलं होतं, शिव्यांच्या गर्दीत, झटपट खुर्चीवरून उठल्यावर लगेच. तो माझ्या दारवानगिरीचा पहिला तास. मी अनोळखी नाव पाहिलं आणि ढकलून दिलं. वाचलं नंतर. त्यात लिहिलं होतं: 'पत्राखाली कारखान्याचं आणि तुझं नाव वाचून नातीने मला सांगितलं. तू तोच का रे, माझ्या शेजारच्या बाकावर चार वर्षं काच फुंकायला शिकलेला? तुझी पहिली सरळ नळी मी पायाखाली चिरडली होती आणि तू माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हतास. चाळीस वर्षं शोधतोय तुला. माझी नजर गेली आहे, हे नात लिहून देतेय. असशील तर एक ओळ टाक.'

एकतिसाव्या दिवशी ते पत्र नष्ट झालं. मी झोपवलेला होतो तेव्हा. त्याला धरून ठेवायला मला हात नव्हते. सहा हजारांच्या त्या वेड्या यादीतला तो एकच पत्ता बरोबर होता, आणि ती यादीही आता फेकलेली आहे.

बाबा कधी कधी मुलाला काम शिकवताना मध्येच थांबतात आणि म्हणतात, "आमच्या बाकावर एक होता, त्याच्यासारखी वेटोळी नळी कुणाला जमली नाही. असेल की नसेल, कोण जाणे." असेल हो बाबा, असेल! पण हे त्यांना सांगणार कोण?

म्हणून मी आज लिहितोय. वाचणाऱ्यांनो, ओळखीत कुठे नजर गेलेले काचकाम करणारे आजोबा असतील आणि त्यांना एक नात असेल, तर एवढं वाचून दाखवा. आजोबा, तुमच्या मित्राने उत्तर टाळलं नाही. तुमचं पत्र त्यांच्यापर्यंत मी पोचू दिलं नाही. राग धरायचा तर माझ्यावर धरा. पण पुन्हा एकदा लिहा. दोन ओळी पुरेत, शुद्धलेखन कसंही असू दे. फक्त लवकर लिहा. त्यांनाही आता दिसायला थोडं कमी झालंय, आणि तुमचं पत्र त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावं असं मला फार वाटतं.